जुन्या अमेरिकन क्वार्टरची पारख: कडेपासून भावापर्यंत

नाण्यांचा डबा टेबलावर ओतला की आपल्या हाताला पहिली ओढ असते ती घासायची. दिवाळीआधी चांदीची निरांजनं आणि अत्तरदाणी रांगोळीने किंवा टूथपेस्टने लख्ख करायची सवय घराघरात आहे. त्यामुळे काळपट अमेरिकन क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं जुनं नाणं, दिसलं की तेच करावंसं वाटतं. कृपा करून करू नका. घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं उठतं आणि ते कशानेही भरून निघत नाही. चांदीचा भाव तेवढाच राहतो, पण संग्राहक जो वरचा भाव देतो तो दोन मिनिटांत निम्म्यावर येऊ शकतो. आधी निवड, मग वजन, मग भिंग. धुणं, घासणं या क्रमात कुठेच येत नाही.

टेबलावर जाड मऊ कापड अंथरावं, म्हणजे हातून सुटलेलं नाणं कडेवर आपटत नाही. पाच ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्यास मोजायला एक कॅलिपर आणि बाजूने तिरका प्रकाश टाकणारा एकच दिवा एवढं पुरतं. छतावरची ट्यूबलाइट नको. सपाट उजेडात झीज आणि ओरखडे दोन्ही लपतात. नाणं नेहमी कडेला धरायचं, अंगठा तोंडावर टेकवायचा नाही. बोटाचा घाम चांदीवर आज दिसत नाही, वर्षभराने ठशाचा तपकिरी डाग होऊन दिसतो.

सुरुवात कडेपासून. दहा-वीस नाणी एकावर एक रचून बाजूने पाहिली की चांदीची नाणी आपोआप वेगळी होतात. १९६५ पासूनच्या साध्या क्वार्टरमध्ये आत शुद्ध तांबं आणि बाहेर तांबं-निकेलचे थर असतात, म्हणून त्यांच्या कडेला तांबूस पट्टा दिसतो. चांदीच्या नाण्याची कड सलग पांढरी किंवा राखाडी असते. १९६५ च्या जुलैमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी नाण्यांच्या कायद्यावर सही केली आणि क्वार्टरमधली चांदी संपली. तरी १९६४ सालच्या ठशाने नाणी पाडणं १९६५ मध्येही चालू होतं. म्हणूनच १९६४ ची नाणी इतकी सापडतात: फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ५६ कोटींहून जास्त आणि डेन्व्हरच्या टांकसाळीत ७० कोटींहून जास्त पडली.

‘१९६४ आणि त्याआधीचं ते चांदीचं’ हा नियम बरोबर आहे, पण त्याची उलट बाजू बरोबर नाही. १९७६ च्या द्विशताब्दीची, १७७६–१९७६ अशी दुहेरी तारीख आणि ‘एस’ ही सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण असलेली काही नाणी ४० टक्के चांदीची आहेत. १९९२ पासून सॅन फ्रान्सिस्को टांकसाळ संग्राहकांसाठी ९० टक्के चांदीची ‘प्रूफ’ नाणी, म्हणजे खास घोटीव ठशाने पाडलेली आरशासारखी नाणी, काढत आली आणि २०१९ पासून ती ९९.९ टक्के चांदीची झाली. हे संच कुणीतरी फोडतं आणि नाणी गल्ल्यात जातात. अमेरिकेच्या एकेका राज्याचं चित्र असलेल्या मालिकेतलं, आरशासारखी पार्श्वभूमी असलेलं ‘एस’ खुणेचं क्वार्टर दिसलं तर साल नवं म्हणून बाजूला सारू नका, कड बघा. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधल्या नाणी मोजणाऱ्या यंत्राचा नाकारलेल्या नाण्यांचा खणही बघण्यासारखा असतो. चांदीचं नाणं यंत्राला ओळखता येत नाही, म्हणून ते बाहेर पडतं आणि लोक तसंच सोडून जातात.

आता काटा. १८७३ नंतरच्या ९० टक्के चांदीच्या क्वार्टरचं वजन ६.२५ ग्रॅम, व्यास २४.३ मिलिमीटर. त्यात शुद्ध चांदी ५.६२५ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याला जरा कमी. साधं तांबं-निकेलचं क्वार्टर ५.६७ ग्रॅम भरतं. हा अर्ध्या ग्रॅमहून मोठा फरक इतका स्पष्ट आहे की स्वयंपाकघरातला ०.१ ग्रॅमचा काटासुद्धा तो दाखवतो. पण १९७६ चं ४० टक्क्यांचं नाणं ५.७५ ग्रॅमचं असतं, म्हणजे साध्यापेक्षा फक्त ०.०८ ग्रॅम जड. त्यासाठी ०.०१ चा काटाच हवा. त्यातही ‘एस’ खूण पाहून निर्णय घेऊ नका, कारण ‘एस’ खुणेची तांबं-निकेलची प्रूफही आहेत.

झिजलेलं नाणं हलकं भरतं, त्याने घाबरायचं कारण नाही. वापरातलं वॉशिंग्टन क्वार्टर ६.१ ते ६.२ ग्रॅमच्या आसपास येतं. चेहरा पार सपाट झालेलं शंभर वर्षांपूर्वीचं क्वार्टर सहा ग्रॅमच्या खालीही जातं. संशय उलट वेळी घ्यायचा: नाणं दिसायला खूप झिजलेलं आणि वजन मात्र पूर्ण ६.२५, किंवा नाणं कोरं करकरीत आणि वजन ५.९. नव्या नाण्याला टांकसाळीने दिलेली सूट जेमतेम ०.१९ ग्रॅम आहे. १८७३ च्या आधीच्या नाण्यांना मात्र हे माप लावू नये. १८३८ ते १८५३ दरम्यानचं क्वार्टर ६.६८ ग्रॅमचं होतं. १८५३ मध्ये वजन ६.२२ वर आणलं आणि तो बदल कळावा म्हणून तारखेच्या दोन्ही बाजूंना बाणांची टोकं ठेवली. १८७३ मध्ये ते थोडं वाढवून ६.२५ केलं, तेव्हाही दोन वर्षं बाण आले. १८४५ चं नाणं ६.६ भरलं म्हणून खोटं ठरवायचं नाही.

पुढे चित्रावरून प्रकार ठरतो. डब्यात शंभर चांदीची क्वार्टर असतील तर बहुतेक सगळी वॉशिंग्टनचीच निघतात. जॉन फ्लॅनगन यांनी केलेलं हे चित्र १९३२ मध्ये, वॉशिंग्टन यांच्या जन्माच्या द्विशताब्दीला आलं. १९३३ साली एकही क्वार्टर पडलं नाही. टांकसाळीची खूण १९६४ पर्यंत मागच्या बाजूला आहे: गरुडाच्या पायाखालच्या डहाळ्यांच्या खाली, ‘क्वार्टर डॉलर’ या अक्षरांच्या वर. ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, आणि तिथे काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. नवखा माणूस इथे हमखास चुकतो. १९६८ ते २०२१ च्या नाण्यांवर खूण पुढच्या बाजूला वॉशिंग्टन यांच्या शेंडीच्या रिबिनीपाशी आहे, म्हणून तो जुन्या नाण्यावरही तिथेच शोधतो आणि ‘खूण नाही’ असं लिहून मोकळा होतो.

वॉशिंग्टनच्या ढिगात खरी शोधाशोध दोन नाण्यांची: १९३२-डी, जी ४,३६,८०० पडली, आणि १९३२-एस, जी ४,०८,००० पडली. झिजलेल्या अवस्थेतही ती चांदीच्या कित्येक पट जातात. त्याच वर्षीची बिनखुणेची फिलाडेल्फियाची ५४ लाख आहेत आणि स्वस्त आहेत. लबाडी नेमकी इथे होते. साध्या १९३२ वर ‘डी’ किंवा ‘एस’ चिकटवलं जातं. ही तपासणी निगुतीने करावी. नाणं दिव्याखाली आडवं धरून हळूहळू फिरवा आणि दहापटीच्या भिंगातून फक्त अक्षराचा पाया बघा. ठशातून आलेलं अक्षर जमिनीतून उगवल्यासारखं असतं, मैदान (नाण्याचा मोकळा सपाट भाग) आणि अक्षर यांच्यामध्ये सांधा नसतो. चिकटवलेल्या अक्षराभोवती केसाएवढी काळी रेघ, डिंकाचा पिवळसर थेंब किंवा आजूबाजूच्या धातूचा वेगळा रंग दिसतो. झीजही जुळली पाहिजे. गरुडाची छाती सपाट झाली आहे आणि शेजारचा ‘डी’ मात्र तीक्ष्ण उभा आहे, असं होत नाही. खऱ्या १९३२-डी मधला ‘डी’ लहान, जाडसर आणि आतली पोकळी पुष्कळदा भरलेली असा असतो. साफ, रेखीव, मोठा ‘डी’ दिसला की आनंदाआधी शंका येऊ द्या.

बाकीच्या वॉशिंग्टनमध्ये १९५० च्या ‘डी’वर ‘एस’ आणि ‘एस’वर ‘डी’ अशा दुबार खुणा आहेत, १९३७ आणि १९४३ मध्ये पुढच्या बाजूची अक्षरं दुहेरी उमटलेली नाणी आहेत. १९५६ ते १९६४ च्या फिलाडेल्फियाच्या काही नाण्यांची मागची बाजू प्रूफच्या ठशाने पडली आहे. ‘स्टेट्स’ शब्दातली शेवटची ‘ई’ आणि ‘एस’ एकमेकांना जवळजवळ टेकलेली असतील तर नेहमीचा ठसा. दोघांमध्ये स्वच्छ फट असेल तर ते नाणं वेगळ्या पाकिटात ठेवा. हे शोधण्यात वेळ जातो. आमच्या मते वेळ आधी १९३२ ते १९४० च्या नाण्यांवर घालवावा, कारण त्यांची चांगली अवस्थाच दुर्मीळ आहे.

त्याआधीचं उभ्या लिबर्टीचं, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचं, क्वार्टर १९१६ ते १९३० चं. हर्मन मॅकनील यांचं हे चित्र आम्हाला अमेरिकन नाण्यांत सर्वांत देखणं वाटतं, पण त्यात एक मोठी खोट होती. तारीख लिबर्टीच्या पायाखालच्या पायरीवर उंच कोरलेली होती, त्यामुळे हातोहात फिरताना सगळ्यात आधी तीच पुसली गेली. १९२५ पासून तारीख खोलगट जागेत नेली आणि मग ती टिकू लागली. म्हणून बिनतारखेची जी नाणी येतात ती १९२४ पर्यंतचीच असतात. ती लगेच चांदीच्या ढिगात टाकू नका, उलटून बघा. उडत्या गरुडाच्या खाली तीन तारे असतील तर नाणं १९१७ च्या मध्यानंतरचं. गरुडाखाली तारे नसतील तर ते १९१६ चं किंवा १९१७ च्या पूर्वार्धाचं. १९१६ ची फक्त ५२,००० पडली आणि तारीख नसली तरी लिबर्टीचे केस आणि पायाशी झग्याचा काठ यांतल्या फरकावरून तज्ज्ञ ती ओळखतात. असं नाणं तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय विकू नये.

पुसलेली तारीख आम्लाने वर काढायची युक्ती बाजारात चालते. तारीख दिसते खरी, पण त्या जागी खरखरीत, पांढुरका चट्टा कायमचा राहतो आणि नाण्याला ‘बिघडलेलं’ हा शिक्का बसतो.

खोलगट तारखेचा नियम एका फसवणुकीवरही कामाला येतो. १९२३-एस हे महाग नाणं आहे, आणि १९२८-एस मधल्या ८ चा डावा भाग खरवडून ३ करतात. पण १९२८ ची तारीख खोलगट चौकटीत आहे, १९२३ ची नाही. अंक कितीही सफाईने कोरला तरी ती चौकट जात नाही. १९१८ च्या ‘एस’ नाण्यातला ८ खालून ७ दाखवत असेल, १९२७ सोबत ‘एस’ असेल, तरी नाणं दुर्मीळ म्हणून बाजूला काढा.

त्याहून जुनं चार्ल्स बार्बर यांनी केलेल्या चित्राचं, १८९२ ते १९१६. उजवीकडे पाहणारा लिबर्टीचा चेहरा, खूण मागे गरुडाच्या शेपटीखाली. न्यू ऑर्लिन्सचा ‘ओ’ इथे भेटतो. तीन नाणी पाठ असावीत: १८९६-एस, १९०१-एस (७२,६६४ नगं) आणि १९१३-एस (४०,००० नगं). शेवटची दोन गुळगुळीत झालेली असली तरी हजार डॉलरांच्या घरात बोलतात, म्हणून त्यांच्यावरही चिकटवलेला ‘एस’ बघावाच लागतो. बार्बरची प्रत ठरवणं मात्र सगळ्यात सोपं आहे, कारण माप नाण्यावरच लिहिलेलं आहे. लिबर्टीच्या कपाळपट्टीवर इंग्रजीत तिचं नाव सात अक्षरांत आहे. एकही अक्षर दिसत नाही पण चेहऱ्याची बाह्यरेषा आणि तारीख आहे, तर ‘गुड’. दोन-तीन अक्षरं असतील तर ‘व्हेरी गुड’, सातही वाचता आली तर ‘फाइन’, आणि सातही ठसठशीत असतील तर ‘व्हेरी फाइन’. बहुतेक बार्बर ‘गुड’ किंवा त्याखाली असतात, त्यामुळे ‘फाइन’ला भाव एकदम उडी मारतो. बसलेल्या लिबर्टीच्या १८३८ ते १८९१ च्या नाण्यांना हेच माप ढालीवरच्या अक्षरांवरून लावतात. त्यात ‘सीसी’ म्हणजे कार्सन सिटीची खूण दिसली तर बोलणंच नको, थेट तज्ज्ञाकडे. त्याहीआधीची नाणी डब्यात सापडत नाहीत. १७९६ च्या पहिल्या क्वार्टरची नगं ६,१४६ होती. तसं काही ढिगात दिसलं तर ती नक्कल धरून चालावं.

प्रतीची मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. ४ म्हणजे ‘गुड’, १२ ‘फाइन’, २० ‘व्हेरी फाइन’, ४० ‘एक्स्ट्रा फाइन’, ५० पासून जेमतेम वापरलेलं आणि ६० पासून अजिबात न वापरलेलं. वॉशिंग्टनवर आधी कानावरचे केस, गाल आणि मागे गरुडाची छाती व पाय बघायचे. झीज तिथेच सुरू होते. न वापरलेलं नाणं तिरक्या उजेडात फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी चमक गोल फिरते. उंच जागी ती चमक तुटून राखाडी ठिपका आला की नाणं ६० च्या खाली गेलं. पॉलिश केलेलं नाणंही चमकतं, पण त्याची चमक फिरत नाही, सगळीकडे सारखी पांढरी राहते.

धातूची शंका राहिली तर चुंबक आधी. चांदी चिकटत नाही, म्हणून चिकटलेलं नाणं नक्की खोटं. पण न चिकटलेलं खरंच असेल असं नाही, तांबं-निकेलही चिकटत नाही. मग घनता. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला आणि काठाला टेकणार नाही असं धरा. जो आकडा येईल तो नाण्याचा आकार घन सेंटिमीटरमध्ये. ६.२५ ग्रॅमच्या चांदीच्या क्वार्टरला तो ०.६०–०.६१ यायला हवा, म्हणजे घनता सुमारे १०.३. तांबं-निकेलची घनता ८.९ च्या आसपास येते. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले की घनता खोटी कमी दिसते, म्हणून बुडवल्यावर दोरा एकदा हलकेच झटकावा. ही परीक्षा फक्त झिजलेल्या नाण्यांवर करावी. नंतर कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. सोनाराची कसोटी आणि आम्ल मात्र इथे वर्ज्य. कसोटीवर घासलेली कड भिंगाखाली लगेच दिसते. दुकानातलं क्ष-किरण यंत्र खूप उपयोगी आहे, पण ते वरचा थरच वाचतं, जाड मुलामा त्यालाही फसवतो. म्हणून शेवटचा शब्द वजन आणि घनतेचा. १९६५ चं क्वार्टर पांढऱ्या कडेचं मिळालं तरी हाच न्याय. चुकून चांदीच्या चकतीवर पडलेली थोडी नाणी खरंच आहेत आणि ती ६.२५ भरतात, पण मुलामा दिलेली त्याहून कितीतरी जास्त सापडतात आणि ती ५.७ च्या आसपास थांबतात.

खास नाणी बाजूला काढली की उरलेल्या ढिगाचा भाव हा साधा हिशेब आहे. अमेरिकेतला व्यापारी नाणी ‘फेस’वर बोलतो, म्हणजे दर्शनी किमतीच्या किती पट. एक डॉलर फेस, म्हणजे चार क्वार्टर, यात नवं असताना ०.७२३४ ट्रॉय औंस चांदी असते. झीज धरून बाजारात ०.७१५ मानतात. ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा, स्वयंपाकघरातला २८.३५ ग्रॅमचा नव्हे. ही गल्लत केली की हिशेब दहा टक्क्यांनी चुकतो. समजा चांदी औंसाला ३० डॉलर आहे. ३० गुणिले ०.७१५ म्हणजे २१.४५, तर फेसच्या २१.४५ पट हा धातूचा भाव. शंभर क्वार्टर म्हणजे २५ डॉलर फेस, त्यांची चांदी ५३६ डॉलरांची. दुकानदार ‘१९ पट देतो’ म्हणाला तर तो ४७५ देतोय, धातूच्या जवळपास ८९ टक्के. हा आकडा मनात घेऊनच दुकानात जावं, आणि दोन-तीन ठिकाणी त्याच दिवशी विचारावं, कारण भाव रोज हलतो. चेहरा सपाट झालेली जुनी नाणी वजनावर घेतली जातात, तिथे ०.७१५ धरू नका. भारतात आणून सोनाराला दिली तर तो टंच पाहून चांदीचा भाव देईल. १९३२-डी आणि १९६४ त्याच्या काट्यावर सारखीच.

फक्त किती नाणी पडली यावर दुर्मिळता मोजू नये. १९७९–८० मध्ये चांदी ५० डॉलरांपर्यंत गेली तेव्हा पोतीच्या पोती नाणी वितळली, आणि कोणती गेली याची नोंद कुणाकडे नाही. खरा भाव कळतो तो विकल्या गेलेल्या किमतींवरून. लिलावाच्या पानावर विक्रेत्याने मागितलेली किंमत नव्हे, व्यवहार पूर्ण झालेली किंमत बघा, तीही त्याच प्रतीच्या पाच-सहा नाण्यांची.

पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखणाऱ्या अमेरिकन कंपन्यांकडून प्रत ठरवून बंद डबीत घालून घ्यायचं की नाही, हा प्रश्न इथेच येतो. शुल्क, विमा आणि दोन्ही बाजूंचं टपाल धरून जो खर्च येईल त्याच्या किमान तिप्पट फरक पडत असेल तरच पाठवावं. १९६४ च्या झिजलेल्या नाण्याला डबी म्हणजे पैसे पाण्यात. महागड्या ‘एस’ आणि ‘डी’ला ती हवीच, कारण खरेपणाची हमी नसेल तर गिऱ्हाईक पूर्ण भाव देत नाही. घासलेल्या नाण्यावर अंकाऐवजी ‘डिटेल्स’ लिहून येतं आणि तो शेरा पुढे कायम सोबत राहतो.

एकच गोष्ट धुवावी लागते: मऊ प्लास्टिकच्या जुन्या पाकिटातून आलेला हिरवट चिकट थर. तो आम्लधर्मी असतो आणि चांदी खात जातो. शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घ्यायचं, नेलपॉलिश काढायचं सुगंधी पाणी नव्हे. नाणं पाच मिनिटं त्यात ठेवून दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये बुडवायचं आणि उभं ठेवून वाळू द्यायचं. चोळायचं अजिबात नाही. खिडकी उघडी हवी, गॅस बंद हवा. चांदीला ॲसिटोन काही करत नाही आणि नैसर्गिक काळपटपणाही जसाच्या तसा राहतो.

ठेवायला मायलर या पारदर्शक फिल्मची खिडकी असलेली दोन इंची पुठ्ठ्याची पाकिटं घ्या. साल, खूण, वजन आणि आपला प्रतीचा अंदाज पुठ्ठ्यावर आधी लिहा, मग नाणं आत ठेवा. वरून लिहिलं तर पेनाचा दाब नाण्यावर उतरतो. पिना मारल्यावर त्यांची टोकं पक्कडीने सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्याच्या तोंडावर पहिला ओरखडा तीच पाडतात.